पेरणीयोग्य पाऊस

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं, ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, करंजी, पानविडा असा सरंजाम आणि भोवताली गोलाकार अठरा धान्यं. रात्री तिकडे कोणी फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना वाघ घराण्यातले महाराज येतात, काय ओलावलं, काय सरकलं, काय गायब झालं ते पाहतात आणि वर्षाचं भाकीत सांगतात. ढेकळांवरून पावसाचे चार महिने, धान्यांवरून पिकं, पानविड्यावरून राजाची गादी. तीनशेहून अधिक वर्षांची ही परंपरा असल्याचं सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना ती पटत नाही, पण तो वाद बाजूला ठेवू. या एवढ्या भाकितांत एक भाकीत कधीच नसतं, ते म्हणजे गल्लीतल्या पोरीचं लग्न यंदा होणार की नाही. जिल्ह्यातल्या मंगल कार्यालयांना ज्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते नेमक्या त्याच दिवशी घट मांडतात, तरी लग्नाच्या बाबतीत घागर अवाक्षर काढत नाही. हे खातं शेजारच्या काकू, आत्या आणि मामा यांच्याकडे आहे. त्यांना खड्डा लागत नाही, ढेकळं लागत नाहीत आणि अक्षय तृतीयेची वाटही पाहावी लागत नाही. पोरीचं एमए झालं, नोकरी लागली, अठ्ठाविसावं सरलं, तीन स्थळांना नकार गेला, एवढी चार धान्यं दिसली की भाकीत तयार असतं: “पोरगी लग्नाले भेते.”

शहरात याच निदानाला ‘कमिटमेंटची भीती’ म्हणतात. निदान इंग्रजीत झालं की आजार मोठा वाटतो आणि फी वाढते. मराठीत कमिटमेंटला असा एकटादुकटा शब्द नाही, कारण आपण ती एकरकमी भरत नाही, हप्त्यांनी भरतो. आधी स्थळ येतं, मग पाहुणे येतात, चहापोहे होतात, पसंती कळते, बोलणी होतात, सुपारी फुटते, साक्षगंध होतं, बस्ता होतो, हळद लागते आणि मग मंगलाष्टकं. पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला विदर्भात साक्षगंध म्हणतात. तिकडे साखरेवर भागतं, इकडे नावातच साक्षीदार बसवलेला आहे. प्रदेशाचं नाव तर वऱ्हाड. नकाशावर जिथं आपण राहतो त्या जागेलाच लग्नाला निघालेल्या मंडळींचं नाव असेल, तर तिथं एकटीनं राहणं म्हणजे सगळी लक्झरी गाणी म्हणत निघालेली असताना मधल्याच थांब्यावर उतरून जाण्यासारखं आहे. चालक हॉर्न वाजवतो, मामा खिडकीतून हाका मारतो, आणि उतरलेली बाई फक्त एवढंच विचारत असते की, गाडी नेमकी कोणत्या गावाला चालली आहे? तिच्या या प्रश्नालाच आपण भीती हे नाव दिलं आहे. हे नाव चुकीचं आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. बाईची ही तथाकथित भीती म्हणजे चोख हिशेब आहे. तो हिशेब या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात दर जूनमध्ये मांडला जातो आणि तेव्हा त्याला शहाणपण म्हणतात.

पहिला पुरावा कृषी खात्याचा. मृगाचा पहिला पाऊस पडला, मातीचा वास सुटला, की शेतकऱ्याचा हात तिफणीकडे जातो. दरवर्षी नेमका त्याच वेळी कृषी विभाग सांगतो, घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि पुढं पंधरा दिवस पावसानं तोंड लपवलं, तर दुबार पेरणी येते. बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली आणि उधारी मात्र उगवून आली. म्हणून ज्यानं थांबून ओल पाहिली त्या शेतकऱ्याला गाव जाणता म्हणतं. ‘याला पेरणीची भीती आहे’ असं त्याच्याबद्दल कोणी म्हणत नाही, त्याला शेगावला नेऊन नवस बोलत नाही, की त्याच्या वयाची आठवण करून देत नाही. आता त्याच घरातली त्याची मुलगी घ्या. तिच्या आयुष्यात पहिली सर पडते, म्हणजे एक स्थळ येतं. मुलगा पुण्यात कंपनीत, घरी आठ एकर. मातीचा वास सुटतो, काकू तिफण घेऊन दारात उभ्या राहतात. मुलगी म्हणते, जरा थांबा, ओल किती खोल गेली ते बघू. तर तोच जाणता बाप म्हणतो, “आता किती पायशीन? सरी येतेत तवा पेरून घ्या लागते.” एका घरात, एका छपराखाली, एकाच जूनमध्ये हे दोन न्याय चालतात आणि दोन्ही एकाच तोंडातून निघतात.

पेरणीची तुलना इथंच संपत नाही. सोयाबीनचं घरचं बियाणं वापरायचं असेल तर आधी उगवणशक्ती तपासतात. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवायचे, आठवडाभरानं कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. त्याहून कमी उगवले तर एकरी बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. ही दुसरी सोय लग्नात नाही, प्रमाण वाढवायला १९५५चा हिंदू विवाह कायदा आडवा येतो. मग पहिली तपासणी तरी नीट व्हावी? तिला चहापोह्यांची वीस मिनिटं मिळतात. त्यातली दहा मुलाचे काका बोलतात, पाच मोबाइलचं नेटवर्क कुठं येतं यात जातात आणि उरलेल्या पाचांत दोघांना ‘काय विचारायचं ते विचारून घ्या’ म्हणून गच्चीवर पाठवतात, जिथं पाण्याच्या टाकीआडून धाकटी भावंडं साक्षगंधाच्या आधीच साक्षीला हजर असतात. बाजारातल्या बियाण्याच्या पिशवीला निदान टॅग असतो. त्यावर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक, मुदत असं सगळं छापलेलं असतं, आणि पिशवी, टॅग, पावती नि थोडं बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा असंही सांगतात. उगवलं नाही तर तक्रार करता येते, पंचनामा होतो. मुलाच्या बायोडेटावर यातलं काय असतं? वर्ण गव्हाळ, उंची, रक्तगट, शेती, मामेकूळ आणि शेवटी ‘अपेक्षा : अनुरूप’. मामाचं गाव कोणत्या तालुक्यात हे कळतं, पण भाचा स्वतःचं ताट उचलतो की नाही हे कळत नाही. आठ एकरांचा सातबारा तलाठ्याकडे मिळतो, स्वभावाचा सातबारा कोणाकडेही मिळत नाही. अशा अवस्थेत जी मुलगी ‘मला थोडा वेळ द्या’ म्हणते ती भित्री असेल, तर कृषी खातं हे महाराष्ट्रातलं सर्वांत भेकड खातं म्हणायला हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. ही सगळी शहरातली, त्याहून विलायतेतली थेरं, मालिका आणि मोबाइल पाहून शिकलेली. आपल्या मातीत हे नव्हतं. विलायतेत हे आहे खरं. हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सची डायरी’ १९९६मध्ये आली आणि वजन, सिगारेटी नि पुरुष यांचा रोजचा जमाखर्च लिहिणारी लंडनची एकटी बाई जगभर खपली. पण आपल्या मातीचं म्हणाल तर ती विदर्भाची माती आहे, आणि संस्कृत साहित्यातल्या सर्वांत चोखंदळ नवऱ्या याच मातीतल्या. ‘रघुवंशा’तली इंदुमती ही विदर्भाची राजकन्या. कालिदासानं तिच्या स्वयंवराला सहावा सर्ग दिला आहे. प्रतिहारी सुनंदा तिला एकेका राजापुढं नेते आणि कुळ, पराक्रम, राजधानी, नदी, बागा असा सगळा बायोडेटा वाचून दाखवते. मगधापासून पांड्यापर्यंत राजे ओळीनं नटूनथटून बसलेले, आणि ही एकेकाला नमस्कार करून पुढं. शेवटी अजाला माळ घालते. इतक्या स्थळांना एका दुपारी नकार देणाऱ्या मुलीबद्दल कालिदास ‘हिला कमिटमेंटची भीती आहे’ असं म्हणत नाही. उलट ज्यांना नकार मिळाला त्या राजांची तोंडं कशी उतरली हे तो चवीनं सांगतो. म्हणजे नकार देणाऱ्या मुलीची टिंगल करण्याऐवजी नकार मिळालेल्यांची गंमत करावी, हा पायंडा आपल्याकडे दीड हजार वर्षांचा आहे. मधल्या काळात तो मोडला कोणी, याची चौकशी व्हायला हवी.

दमयंती तर इंदुमतीहून पक्की. तीही विदर्भाची. स्वयंवरात तिच्यापुढं एकाच चेहऱ्याचे पाच नल उभे राहिले, त्यांतले चार देव. तिनं गडबडीत माळ टाकली नाही. देवांनाच विनवलं की आपापली लक्षणं दाखवा, आणि मग निरखून पाहिलं. चौघांच्या कपाळावर घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याला घाम फुटलेला, अंगावर धूळ, माळ सुकलेली, पाय मातीत. तिनं ओळखलं, हाच माणूस. स्थळ पाहण्याची याहून शास्त्रशुद्ध रीत अजून निघालेली नाही. बायोडेटातला मुलगा नेहमी त्या चार देवांसारखाच असतो, फोटोत पापणी न लवणारा आणि पाय जमिनीला न टेकलेला. ज्याला घाम फुटतो तोच खरा. आणि एवढी तपासणी करूनही पुढं काय झालं? नल द्यूतात राज्य हरला, रानात झोपलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन तिला सोडून गेला. त्याला परत आणायला दमयंतीला दुसरं स्वयंवर जाहीर करावं लागलं. शेतीच्या भाषेत ही दुबार पेरणीच, फरक इतकाच की तिनं बियाणं तेच ठेवलं. पाच लक्षणं ताडून पाहणाऱ्या बाईवर ही वेळ येते, तर वीस मिनिटांच्या चहापोह्यांवर कोणाचा भरवसा बसेल? आकाशातून अचानक येऊन कोसळणाऱ्या प्रेमाचे जे गोडवे गातात त्यांनी एकदा लोणारला जाऊन यावं. तसं एक प्रकरण तिथं हजारो वर्षांपूर्वी झालं. एक उल्का न विचारता आली नि जमिनीवर आदळली. पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा आहे आणि पाणी अजून खारट आहे.

आता मराठी साहित्याकडे वळू, कारण तो पायंडा मोडला गेला तो तिथंच. मराठी विनोदाचे जनक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर याच जिल्ह्यात जळगाव जामोदला वकिली करत होते, म्हणजे भेंडवळच्या घटाच्या शेजारी. त्यांच्या विनोदी लेखसंग्रहाचं नाव ‘सुदाम्याचे पोहे’, आणि त्याचंच दुसरं नाव ‘अठरा धान्यांचे कडबोळे’. पोहे आणि अठरा धान्यं! वधूपरीक्षेचा खाऊ आणि भेंडवळचा घट, दोन्ही एका पुस्तकाच्या नावात आलेले असताना मराठी विनोद कुंवार मुलीच्या बाजूनं उभा राहायला हवा होता. पण त्या लेखांतली हसणारी मंडळी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या, तिघेही पुरुष. त्यांनी रूढींची भरपूर रेवडी उडवली, पण पोह्यांची बशी घेऊन जी आत आली ती बशी ठेवून परत गेली. कोल्हटकरांचे शिष्य गडकरी यांनी बाळकराम होऊन ठकीचं लग्न जमवण्याची मोहीम रंगवली. त्या मोहिमेत सगळे बोलतात, ठकीचं मत सोडून सगळं कळतं. पुढं १९३६मध्ये अत्र्यांनी नाटकाला ‘लग्नाची बेडी’ हे नाव दिलं. बेडी ही उपमा तेव्हापासून नवऱ्यांच्या विनोदाची मिरासदारी होऊन बसली आहे. लग्नात ज्याचं गाव बदलत नाही, आडनाव बदलत नाही, झोपायची खोलीसुद्धा बदलत नाही, त्यानं बेडी बेडी म्हणून ओरडायचं आणि जिचं सगळंच बदलतं तिनं हसायचं, अशी ही वाटणी. तिनं हसण्याऐवजी ‘मग मी बेडी घालू की नको?’ असं विचारलं, की विनोद संपतो आणि भीतीचं निदान सुरू होतं.

बायकांनी स्वतः लिहिलं तेव्हा काय झालं? विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३मध्ये आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात होतं. पुस्तकावर गहजब झाला आणि विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. मालती बेडेकर हे नाव उघड व्हायला वेळ लागला. नाव लपवून लिहावं लागलं यातच त्या काळचं सगळं आलं. पण पुस्तकाच्या नावातला दुसरा शब्द पाहा, निःश्वास. एकटी मुलगी म्हणजे उसासा, हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट बसलं की तिनं मोठ्यानं हसावं हे सुचायलाच वेळ लागला. मेघना पेठे यांनी २००५मध्ये कादंबरीला ‘नातिचरामि’ हे लग्नातल्या वचनाचंच नाव दिलं आणि वचनाकडे उलटं वळून पाहिलं. आपल्या विदर्भात बनलेल्या, जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ या चित्रपटाची सुरुवातच अशी की सगळा मांड उलटा आहे, मुलगा पाटावर आणि मुलगी प्रश्न विचारते. प्रेक्षागृहात हशा पिकतो. मग कळतं की ते स्वप्न होतं, आणि पुढं पाटावर पुन्हा पुन्हा नायिका सविताच बसते. तो पहिला हशा मोलाचा आहे. एकच प्रश्न, एकच पाट, फक्त बसणारा बदलला तर हसू येतं, याचा अर्थ मूळ प्रसंग हास्यास्पदच होता. त्यात बसणारी बाई असते म्हणून तो आपल्याला इतकी वर्षं गंभीर वाटला.

हा पाट उलटा करण्याचं काम बुलढाण्यात फार आधी झालेलं आहे. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. १८८१मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून एकूणच बायकांच्या नीतीवर प्रवचनं झडू लागली. ताराबाईंनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. पुण्यात छापलेल्या या छोट्या पुस्तकाचा युक्तिवाद साधा आहे. बायकांवर जे जे दोष लादता ते एकेक घेऊ, पुरुषांच्या शेजारी ठेवू आणि तराजू कुठं झुकतो ते पाहू. चंचल कोण, कपटी कोण, संशयी कोण? आज आपण ज्याला तिरकस विनोद म्हणतो तो त्या पुस्तकाच्या पानापानांत आहे, आणि तो रडवेला बिलकूल नाही. त्यांचा नवरा घरजावई होता असं अभ्यासक सांगतात, म्हणजे लग्नानं गाव बदललं असेल तर ते त्याचं. पुस्तकावर टीका झाली तेव्हा महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. एकट्या बाईच्या विनोदी साहित्याची वंशावळ लिहायची झाली, तर लंडनला जाण्याची गरज नाही. बुलढाण्याला एसटी जाते.

दुसरा आक्षेप जरा गंभीर आहे. लग्नाची अशी थट्टा करणारं लेखन वाचून मुली बिथरतात, संसारावरचा विश्वास उडतो. हा आक्षेप घेणाऱ्यांनी ते लेखन वाचलेलं नसतं, हे त्याचं मुख्य वैशिष्ट्य. कारण या प्रकारातलं साहित्य वाचणाऱ्याची तक्रार नेमकी उलटी असायला हवी: इतकं सगळं करून शेवटी लग्नच? जेन ऑस्टिनच्या सहा पूर्ण कादंबऱ्या, आणि सहाही लग्नापाशी येऊन थांबतात. ‘ब्रिजेट जोन्स’ तिच्याच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर बेतलेली, तिथंही शेवटी डार्सी मिळतोच. आपल्याकडे ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१०मध्ये सुरू झाला. लग्नाला बिचकणारी ती नायिका दुसऱ्या भागात २०१५मध्ये बोहल्यावर चढली आणि तिसऱ्या भागात २०१८मध्ये बाळंतपणाच्या तयारीला लागली. आठ वर्षं आणि तीन चित्रपट मन लावून बिचकणारी बाई ही खरं तर कमिटमेंटची मूर्ती म्हणायला हवी. स्वतः ऑस्टिन अविवाहित राहिली. १८०२च्या डिसेंबरात तिला चांगल्या खात्यापित्या घरातलं एक स्थळ आलं. संध्याकाळी तिनं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. भेंडवळच्या भाषेत सांगायचं तर संध्याकाळी घट मांडला, पहाटे पाहिला आणि काय पिकणार ते तिला कळलं. पीक आलं ते कादंबऱ्यांचं. लग्नाची चेष्टा करणाऱ्यांना लग्न नको असतं असं नाही. सोयाबीनच्या भावावर सर्वांत कडू विनोद सोयाबीन पेरणाराच करतो.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुली इतका विचार करत बसल्या तर पोरांनी काय करायचं? २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. बातमी वाचून महाराष्ट्र हसला, पण विदर्भातल्या कितीतरी गावांतली पस्तिशीची पोरं हसली नसतील. शेतकरी नवरा नको, हे वाक्य त्यांनी दहादा ऐकलेलं आहे. पण त्या मोर्चाच्या मागण्यांत एक मागणी गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा अशी होती, आणि घोड्यावर बसलेल्या त्या नवरदेवांना दुखणं बरोबर सापडलं होतं. २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली नऊशेही भरल्या नाहीत. हा जिजाऊंचा जिल्हा, सिंदखेडराजाचा वाडा अजून उभा आहे, दर १२ जानेवारीला तिथं लाखोंनी माणसं येतात, आणि आकडे असे. जी मुलगी जन्मालाच येऊ दिली नाही तिनं नकार दिलेला नाही. जी आली ती पाहून घेते, एवढाच तिचा गुन्हा. राहता राहिला शेतकरी नवऱ्याचा प्रश्न. नकार देणारी मुलगी बहुतेक वेळा शेतकऱ्याचीच असते. दुबार पेरणी तिनं पुस्तकात वाचलेली नाही, घरात पाहिलेली आहे. या पट्ट्यात कर्जापायी कर्ते गेले तेव्हा मागं राहिलेल्या बायकांनी शेत, सावकार आणि शाळेची फी एकटीनं पेललेली तिनं पाहिली आहे. कमिटमेंट म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको. कमिटमेंटची किंमत काय पडते, हे ठाऊक असलेल्या माणसाला भित्रा म्हणू नये. शेतमालाला भाव मिळाला तर वरालाही मिळेल. तोवर मुलींना दोष देणं म्हणजे पावसाच्या नावानं घागरीला बदडणं आहे.

शेवटचा आक्षेप तुलनेतूनच निघतो, आणि तो मान्य करायला हवा. शेतकरी थांबतो हे खरं, पण किती थांबतो? वापसा निघून गेला, जुलै अर्धा सरला, तर मूग-उडीद पेरून उपयोग नसतो. शंभर मिलिमीटरची वाट पाहणारा शहाणा, पाचशेची पाहणारा वेडा. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट हवा, पण सासू-सासरे शक्यतो दुसऱ्या तालुक्यात हवेत, मुलगा हळवा हवा पण पगार कठोर हवा, अशी यादी घेऊन बसलेल्या मुली आहेत, आणि त्यांच्या यादीवर हसायला हरकत नाही. दमयंतीनंसुद्धा घाम फुटलेल्याला निवडलं, देवाला नाही. पण हंगाम हुकल्यावर कृषी खातं काय करतं तेही पाहा. ते शेतकऱ्याच्या दारात जाऊन ‘आता तुझं कसं होणार’ म्हणून डोळ्याला पदर लावत नाही. ते आपत्कालीन पीक नियोजन जाहीर करतं: हे नाही तर तूर घ्या, सूर्यफूल घ्या, तेही नाही तर रान मोकळं ठेवून रब्बीला हरभरा घ्या. एका पिकाची तारीख गेली म्हणून रान वांझ ठरत नाही. चाळिशीत लग्न करणारी, न करणारी, केलेलं मोडून पुन्हा न करणारी, या सगळ्या त्या नियोजनात बसतात. रान तिचं आहे, पीकही तीच ठरवणार. आपण फार तर भाव विचारावा.

वयाच्या बाबतीत मात्र एक हिशेब नजरेखालून घालायला हवा. सोयाबीनचं बियाणं एका हंगामात उगवणशक्ती गमावायला लागतं, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. ताराबाईंनी १८८२मध्ये जे पेरलं त्याचं काय झालं? पुस्तक विस्मरणात गेलं. त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. जिल्ह्यात कापूस पिकत राहिला, वऱ्हाडं निघत राहिली, बशीतले पोहे निवत राहिले. मग १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापलं, आणि बघता बघता त्याची गणना भारतातल्या स्त्रीवादी लेखनाच्या आरंभीच्या पुस्तकांत झाली. पुढं ते इंग्रजीतही गेलं. एवढी त्र्याण्णव वर्षं ते ओल पाहत पडून होतं. शंभरपैकी किती दाणे उगवले ते मोजलेलं नाही, पण उगवलं ते अजून उभं आहे. बुलढाण्याच्या त्या पुस्तकाला त्र्याण्णव वर्षांत एकदाही कोणी विचारलं नाही की, काहून वं, अजून किती थांबशीन?